नऊ संचालकांचं कुलूप

बोरखडी, ता. जामखेड
मार्गशीर्षातला गुरुवार (उपास आईचा, चिडचिड माझी)

आदरणीय राधाकृष्णदाजींना धाकटा मेहुणा वैजनाथ याचा साष्टांग नमस्कार. साष्टांग लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिला; प्रत्यक्षात मी डेअरीच्या खुर्चीत ताठ बसलो आहे आणि दात-ओठ खात लिहितो आहे. तुमची तब्येत बरी असेलच. पंकजाआक्काचा गुडघा कसा आहे? तिला शेकायला निरगुडीचा पाला पाठवला आहे, तो फ्रीजमध्ये ठेवू नका. (गेल्या वेळी ठेवला होता. टेम्पोवाल्या कानिफनाथानं डोळ्यांनी पाहिलं आणि गावात येऊन सांगितलं. हेही पत्र तोच आणतो आहे, चिंचेच्या पोत्यांबरोबर. त्याला चहा द्या, पण फ्रीज उघडून दाखवू नका.) इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहिणार होतो, पण कशाला खोटं लिहू? आई खुशाल आहे, म्हैस खुशाल आहे, विहिरीलाही यंदा बरं पाणी आहे. खुशाल नाही तो फक्त मी.

जावयाला तोंडावर बोलू नये असं आईनं आम्हाला लहानपणापासून शिकवलं आहे, म्हणून लिहून बोलतो. फोन केला असता, पण कॉम्प्युटरच्या भानगडी फोनवर आणि व्हॉट्सॲपवर बोलायच्या नाहीत हे तुम्हीच बजावून गेलात. तरी न राहवून केला, तर आक्कानं उचलला आणि तुम्ही मीटिंगमध्ये आहात असं सांगितलं. पुन्हा केला, तरी मीटिंग. दाजी, मीटिंग आमचीही आहे. येत्या रविवारी, देवळाच्या ओट्यावर, श्री गहिनीनाथ सहकारी दूध संस्थेची. विषय पहिला, सचिव वैजनाथ यांस कामावरून कमी करणे. विषय दुसरा, लिनक्स काढून पुन्हा विंडोज टाकणे. म्हणजे तुमचं लिनक्स आणि मी, दोघांना एकाच दिवशी बाहेर काढणार आहेत, आणि त्यातही पहिला नंबर माझा. हे सगळं तुमच्या हातून झालं आहे. मी रागावलो आहे असं समजू नका. (समजा.)

तुम्ही पुण्यातल्या मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं काम बघता, हे आम्हाला भूषण आहे. आई सगळ्यांना सांगते की आमचे जावई सिक्युरिटीत आहेत. (त्यावर लोक विचारतात, रात्रपाळी असते का, आणि कंपनी बॅटरी देते की स्वतःची न्यावी लागते. मी आता समजावणं सोडून दिलं आहे.) म्हणूनच पावसाळ्यात डेअरीच्या कॉम्प्युटरला रोग लागला तेव्हा आम्हाला पहिली आठवण तुमची झाली. तो रोग कसा लागला हे मी तुम्हाला तेव्हा अर्धवट सांगितलं होतं, कारण चेअरमन समोर बसले होते. आता पूर्ण सांगतो.

त्या कॉम्प्युटरमधलं विंडोज तालुक्यातल्या एका दुकानदारानं 'तसंच टाकून' दिलेलं होतं. ही प्रत अस्सल नाही असं पडद्याच्या कोपऱ्यात रोज इंग्रजीत लिहून यायचं. मी ते संचालकांना दाखवलं. त्यांनी त्या जागेवर जंताच्या औषधाचं स्टिकर चिकटवलं आणि प्रश्न मिटला म्हणून मला चहा पाजला. आता गावात प्रिंटर एकच, आपल्या डेअरीचा. त्यामुळे दुधाच्या पावत्यांबरोबर पोरांची हॉलतिकिटं, सप्ताहाची पत्रकं, लग्नाच्या याद्या, सगळं माझ्याच टेबलावर. त्यात चेअरमन श्रीमंतआबांचा वाढदिवस आला. फ्लेक्सचा नमुना कसा दिसतो ते बघायला आबांनी स्वतःच्या हातानं पेनड्राईव्ह आणला. तो फ्लेक्सच्या दुकानातून आलेला, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या भावी आमदारांमधून फिरून आलेला. लावायचा नाही असं म्हणायची माझी काय टाप? लावला. आबांचा गॉगल घातलेला फोटो दिसला, आबा खूष होऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सभासदांच्या नावांच्या जागी नुसती मुंग्यांसारखी अक्षरं. मधोमध लाल चौकट, तुमच्या सगळ्या फायली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, सोडवून हव्या असतील तर परदेशी नाण्यात खंडणी भरा.

मी धावत जाऊन आबांना बोलावून आणलं. आबा मात्र डगमगले नाहीत. त्यांनी सगळा मजकूर माझ्याकडून मराठीत करून ऐकला आणि संस्थेच्या रीतीप्रमाणे जबाब द्यायला लावला. आपली मागणी मिळाली, ती येत्या मासिक सभेपुढे ठेवण्यात येईल, तत्पूर्वी आपण रीतसर अर्ज आधार कार्डाच्या झेरॉक्ससह दोन प्रतींत सादर करावा, कळावे. मी ते इंग्रजीत करून पाठवलंसुद्धा. चोरांकडून काही उत्तर आलं नाही. कागदपत्रं मागितली की खोटी माणसं पळतात, हा आबांचा सरपंचकीपासूनचा अनुभव आहे म्हणे. चोर पळाले हे खरं, पण फायलींच्या किल्ल्या घेऊन पळाले, आणि मी दिवाळीपर्यंत सगळं दूध हातानं वहीत उतरवत बसलो. तेव्हा कुणाला माझी दया आली नाही.

मग तुम्ही भाऊबीजेला आलात. आईनं काळ्या मसाल्याचं मटण केलं. मी कॉम्प्युटरचं गाऱ्हाणं सांगितलं आणि रस्सा वाढून घेता घेता तुम्ही सहज म्हणालात, ते चोरीचं विंडोज काढून फेका, लिनक्स टाका, मी उद्या टाकून देतो. दाजी, तुमच्या कंपनीत हे असं होत असेल. एक जण म्हणतो टाका, दुसरा टाकतो. आमच्याकडे डेअरीचा झाडू बदलायला ठराव लागतो. संध्याकाळी सभा भरली आणि तुम्हाला पाटावर बसवून बोलायला लावलं. तुम्ही छान बोललात, हे मी आजही नाकारत नाही. लिनक्सला पैसे पडत नाहीत, जगभरातली माणसं मिळून ते तयार करतात, त्याच्या आतलं सगळं उघडं असतं, कुणीही वाचावं, चूक दिसली तर दाखवावी, आणि सगळं उघडं असतं म्हणूनच ते भरवशाचं असतं. हे शेवटचं वाक्य तुम्ही का बोललात? मला रात्रंदिवस तेच छळतं आहे.

आबांनी ते ऐकून मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "म्हंजी सहकारीच म्हना की!" झालं. आबा लिनक्सचे म्हटल्यावर माजी चेअरमन, आता नुसते संचालक, आदिनाथतात्या आपोआप विंडोजचे झाले. (तात्यांनी तोवर कॉम्प्युटरला बोटसुद्धा लावलेलं नव्हतं. चोरीच्या विंडोजवरून आबांचा राजीनामा मागणारे तेच.) तात्या उठून म्हणाले, "सहकारी हाय आन् आजून बुडालं न्हाई? मग कुनीतरी कायतरी झाकतंय." संचालिका कडूबाईंनी तुम्हाला विचारलं, "फुकट देत्यात, मग त्येंच्या घरी चूल कशावर पेटती?" याचं उत्तर तुम्ही इंग्रजीत दिलंत, तिथेच तुमची आठ-दहा मतं गेली. तुमच्या लिनक्सचा तो पेंग्विन पडद्यावर दाखवलात, त्याला गावानं बदक ठरवलं आणि मतदान बदक आणि खिडकी असं झालं. थोड्या हातांच्या फरकानं बदक निवडून आलं. तेव्हापासून गावात बदकवाले एका टपरीवर चहा पितात आणि खिडकीवाले दुसऱ्या. ज्यांच्या घरी साधं कॅल्क्युलेटर नाही ती माणसं एकमेकांच्या बांधावरून जात नाहीत. हे तुमच्या कंपनीत होत नसेल.

दुसऱ्या दिवशी तुम्ही लिनक्स टाकलंत, फॅटचं मशीन जोडलंत, आणि मला बाजूला घेऊन पासवर्डचं महत्त्व सांगितलंत. लांबलचक ठेवायचा, कुणाला सांगायचा नाही, बायकोलासुद्धा नाही. मी भारावून गेलो. इतक्या विश्वासाचं काम मला आयुष्यात कुणी दिलेलं नव्हतं. बाहेर येऊन मी फक्त एवढंच म्हणालो की पासवर्ड माझ्याकडे राहील. ओट्यावर बसलेली माणसं उभी राहिली.

तुम्हाला आमच्या गावाची एक गोष्ट माहीत नाही. मागे सगळे संचालक हिवरे बाजारला सहलीला जाऊन आले. तिथलं पाणी पाहिलं, ग्रामसभा पाहिली, आणि आमच्याही गावात असंच करायचं म्हणून शपथ घेऊन परतले. पाणी अडवण्याचं काम अजून अंदाजपत्रकात आहे, पण पारदर्शकता त्याच आठवड्यात सुरू झाली, कारण तिला खोदावं लागत नाही. तेव्हापासून आमच्या डेअरीवर रोज संध्याकाळी कुणाच्या दुधाला किती फॅट लागलं ते लाऊडस्पीकरवरून वाचून दाखवतात. कुणी दुधात पाणी घातलं तर ते वेशीपर्यंत ऐकू जातं. अशा गावात मी म्हणतो आहे की माझ्याकडे एक शब्द आहे आणि तो मी कुणाला सांगणार नाही! आबांनी तुमचंच वाक्य तुमच्याच तोंडावर टाकलं. "जावईबापूच बोलले न्हवं, समदं उघडं आसतं म्हनून भरवशाचं आसतं? मग आमचंच कुलूप झाकून का?" आणि पासवर्ड फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहावा असा ठराव मांडला. त्याला अनुमोदन तात्यांनी दिलं. त्या दोघांचं त्याआधी एकमत झालं होतं ते मी शाळेत असताना.

मी हात जोडले, तुम्हीही समजावलंत, तेव्हा कुठे तडजोड निघाली. पासवर्ड कुणा एकाचा नाही, सगळ्या संचालकांचा. संचालक नऊ, म्हणून अक्षरं नऊ. प्रत्येकानं आपलं एकेक अक्षर स्वतःच्या बोटानं दाबायचं, बाकीच्यांनी तोवर भिंतीकडे तोंड करायचं. तुम्ही तेव्हा हसत होतात. मला वाटलं, कौतुकानं हसताय. प्रत्येकानं कोणतं अक्षर निवडलं हे सांगायला सुरक्षातज्ज्ञ लागत नाही, दाजी. प्रत्येकानं स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर निवडलं. बारकं अक्षर घ्यायला कुणी तयार होईना, म्हणून सगळी मोठी. क्रम मानाप्रमाणे, म्हणजे आधी चेअरमन, मग व्हाईस चेअरमन, असं. तात्या आबांच्या मागे दाबायला तयार नव्हते, म्हणून त्यांना सगळ्यात शेवटी समारोपाचं अक्षर दिलं. गावातल्या शेंबड्या पोराला संचालक मंडळ मानाच्या क्रमानं पाठ आहे, कारण सत्काराचे नारळ त्याच क्रमानं वाटतात. एवढं सगळं तुमच्या देखत झालं आणि तुम्ही घड्याळ बघत होतात.

दुसऱ्या दिवसापासून आमची पहाट कशी उगवते ते ऐका. गवळी रांगेत, किटल्या भरलेल्या, आणि मी संचालक गोळा करत दारोदार फिरतो आहे. एकाची नगरला कोर्टात तारीख. एक दहाव्याला गेलेला. कडूबाई स्वतः हजर असतात, पण त्यांचं अक्षर त्यांचे यजमान दाबतात, कारण ग्रामपंचायतीपासून ती सवय आहे. एक संचालक ऊसतोडीचे मुकादम, ते टोळी घेऊन कोपरगावकडे गेलेले, ते फडातून फोन करून लाऊडस्पीकरसारखे ओरडतात, "माझं आक्षर दाबा! मोठं दाबा!" फोन अर्थातच स्पीकरवर. भिंतीकडे तोंड करणं पहिल्या थंडीतच बंद झालं, कारण भिंत गार लागते. रांगेतल्या बायका आता माझ्या आधी अक्षरं म्हणतात. मी अडखळलो तर मागून आठवण करून देतात. दोन वेळा दूध नासलं. नासलेल्या दुधाला जबाबदार कोण? सचिव.

पण खरा घोटाळा तुम्ही निघालात त्याच संध्याकाळी होऊन बसला होता. आठवा जरा. नऊ अक्षरं दाबून झाली, कॉम्प्युटर उघडला आणि तुम्ही म्हणालात, चालतं का बघू. रांगेत पहिली आमची आई उभी होती, तिच्या खात्याचा नंबर तुम्ही घातलात आणि फॅटच्या जागी, मशीनला विचारण्याची तसदी न घेता, साडेचौदा लिहिलंत. पावती सर्रकन बाहेर आली. तुम्ही टाळी वाजवलीत. मग गाडीची वेळ झाली म्हणून आक्काला हाक मारलीत, आईच्या पाया पडलात आणि गेलात. ती ट्रायलची नोंद पुसायची राहिली. दाजी, तुम्ही जगभरातल्या चोरांपासून कंपनी राखता आणि तुम्हाला सासूची एक नोंद पुसता आली नाही?

संध्याकाळी लाऊडस्पीकरवरून वाचन झालं. रंगुबाई, म्हैस, फॅट साडेचौदा. सगळ्या गावानं ऐकलं. आमच्याकडच्या म्हशीला सात लागलं तरी मालक मिशीला पीळ देतो. साडेचौदा म्हणजे दूध नव्हे, लोणीच. तुम्हाला वाटेल लोक हसले असतील. कुणीसुद्धा हसलं नाही, कारण कॉम्प्युटर नवीन, शिवाय तो पुण्याच्या जावयानं बसवलेला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून म्हैस बघायला माणसं. कुणी तिच्याबरोबर फोटो काढला, कुणी गोठ्यातली माती नेली. कोपरगावकडचा एक बागायतदार जीप घेऊन आला आणि पुढचं रेडकू आम्हालाच सांगा म्हणून आईला साडी नेसवून गेला. त्या दिवशी मशीनवर तिचं फॅट नेहमीचं सात आलं. मला वाटलं, सुटलो. तर लोक म्हणाले, दृष्ट लागली! आईनं म्हशीच्या गळ्यात बिब्बा बांधला. सात काय नि साडेसात काय, जितकं कमी येईल तितकी दृष्ट मोठी, आणि जितकी दृष्ट मोठी तितकी म्हैस थोर.

मी आईला पहिल्याच दिवशी सांगितलं की ती दाजींची ट्रायल होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच दृष्ट लावली. म्हणाली, "जावईबापूंनी लिव्हलं तर बगूनच लिव्हलं आसंल." तुम्हाला माहीत नसेल, पण वडील गेल्यापासून या घराचा प्रपंच त्या एका गोठ्यावर उभा राहिला. आईचं नाव गावात आजवर कुणी घेतलं नव्हतं, ती कायम अमक्याची बायको, तमक्याची आई. आता रस्त्यानं जाताना माणसं थांबून तिला विचारतात, रंगुबाई, पेंड कोणती घालता? ती थांबते, पदर सावरते आणि सांगते. तिच्या तोंडावरचा तो आनंद बघून मी नोंद पुसण्याचं दोन दिवस पुढं ढकललं. एवढाच माझा गुन्हा. तेवढ्यात महिना संपला, आकडे तालुक्याच्या दूध संघाकडे गेले, आणि संघाचं पत्र आलं की जिल्ह्यात असं फॅट पाहण्यात नाही, सौ. रंगुबाई यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्याचे योजिले आहे. (वडील जाऊन इतकी वर्षं झाली आणि संघानं सौ. लिहिलं. आईनं तेवढं पुसून घेतलं, मग पत्र देवापुढं ठेवलं.)

सत्कार म्हटल्यावर तात्या जागे झाले. नारळ दुसऱ्याला जातो म्हटलं की त्यांना गणित येतं. त्यांनी ओट्यावर उभं राहून विचारलं, साडेचौदा फॅट कधी ऐकलंय का? मग हे आलं कुठून? रंगुबाईचा मुलगा सचिव आणि जावई लिनक्सवाला! मी लगेच खरं काय ते सगळ्यांसमोर सांगितलं. ट्रायल होती, पुसायची राहिली. तर म्हणे, अंगावर आलं की परगावच्या पाहुण्याचं नाव पुढं करतो. बरं, मग नोंद आता पुसतो म्हटलं, तर तात्या म्हणाले, "पुरावा पुसतूय बगा!" आता ती नोंद फळ्यावरही लिहून ठेवली आहे, पारदर्शकतेसाठी.

आता माझी अडचण बघा. मी म्हणालो, अहो, तो पासवर्ड रांगेतल्या शेळीलासुद्धा पाठ आहे, मग एकट्या माझ्यावरच बोट का? यावर नऊच्या नऊ संचालक उसळले. बदकवाले आणि खिडकीवाले एक झाले. आमचं कुलूप कच्चं म्हणता? नऊ माणसांच्या बोटांचं कुलूप जगात कुणाकडे आहे का? ते फुटूच शकत नाही. म्हणजे ज्यानं कॉम्प्युटर बसवला त्यानं मागून दार ठेवलं असणार, आणि त्या दाराची किल्ली मेहुण्याकडे असणार. त्यांच्या कुलपाची अब्रू राहायची तर माझी जायला हवी. आणि माझी राहायची तर आपण गाढवपणा केला असं नऊ संचालकांनी भर सभेत कबूल करायला हवं. तुम्ही आमच्या संचालकांना पाहिलं आहे. तुम्हीच सांगा, यातलं कोणतं होईल?

दाजी, गंमत बाजूला ठेवून सांगतो, मला फार लागलं आहे. मी डेअरीवर बसायला लागल्यापासून माझ्या मापात एका थेंबाचा फरक कुणी दाखवलेला नाही. सख्ख्या मामाचं दूध पाणचट निघालं तेव्हा मी लाऊडस्पीकरवर स्वतः वाचलं; मामा अजून आमच्याकडे जेवत नाही. त्या मला आता सगळे चोर म्हणतात, आणि तेही माझ्याच आईच्या म्हशीपायी. सकाळी आई किटली घेऊन आली की रांगेतली बडबड थांबते. ती सगळ्यांशी बोलायला बघते, कुणी तोंड वर करत नाही. मग ती किटली ठेवून निघून जाते. हे रोज माझ्या डोळ्यांदेखत होतं आणि ते मला सहन होत नाही. पासवर्ड कुणाला सांगू नका हे तुम्ही मला सांगितलंत. ज्यांनी सगळ्या गावाला सांगितला ते संचालक राहिले आणि ज्यानं कुणाला सांगितला नाही तो घरी चालला. ही कसली सुरक्षा आहे हे तुमच्या कंपनीत एकदा विचारून बघा.

असो. मी तुमच्याकडे काही मागत नाही. तुम्ही कामाचे माणूस, तुमच्या मीटिंगा. मन मोकळं करावं म्हणून लिहिलं. आक्काला हे वाचून दाखवू नका, तिचा गुडघा दुखेल. मुलांना आशीर्वाद. चुकलंमाकलं पोटात घालावं.

तुमचा आज्ञाधारक (रविवारपर्यंत सचिव)
वैजनाथ

ता. क. : वरचं लिहून झाल्यावर आई आली आणि तिनं पत्र पहिल्यापासून माझ्याकडून वाचून घेतलं. तिचं म्हणणं ती सांगेल तसं लिहितो, कारण ती समोर बसली आहे. रविवारच्या सभेला तुम्ही अजिबात यायचं नाही. जावई हा मानाचा. त्याला भरल्या गावापुढे उभा करून जाबजबाब घ्यायचे, अशी रीत आपल्या घराण्यात नाही. नोकरी गेली तर वैजू गोठा बघेल. तुम्ही येऊ नका, आणि आलात तर ती तुमच्यासाठी ताट वाढणार नाही.

ता. क. दुसरी : आई म्हशीला पाणी पाजायला गेली. दाजी, या. रविवारी दुपारी, देवळाच्या ओट्यावर. "ती नोंद मी ट्रायलची केली आणि पुसायला विसरलो," एवढं एक वाक्य बोला. माझं कुणी ऐकणार नाही, तुमचं ऐकतील. जेवायचं मी बाहेर बघतो. कंपनीत सांगा की सासुरवाडीला मेहुण्याची मीटिंग आहे.

जावईबापूस रंगुबाईचा आशीर्वाद. पानी पाजून आले तर वैजूनं पत्र झाकलं, म्हनून मी काडून वाचलं. चौथीपर्यंत शिकलेली हाय, त्येला इसर पडला आसंल. जेवायचं भाईर का म्हनून? घरी या. सभेत एकटं हुबं ऱ्हाऊ नका, मी शेजारी हुबी ऱ्हाते. सभासद मी हाय, दूध माझं हाय. बोलायचं ते बोला, माझ्या पोराला कुनी चोर म्हनाया नगं. शाल न्हाई मिळाली तरी चालंल. फकस्त म्हशीचं फॅट खोटं हुतं आसं भर सभेत म्हनू नका. आकडा तुमचा चुकला म्हना. तिला समदं कळतंय.